किती शितं दाबायची?

चुलीवर भाताचा गंज शिजत असला की माझी आजी झाकण बाजूला करून पळीवर दोन-तीन शितं घ्यायची. एक वरचं, एक कडेचं, एक पळी खोल घालून तळाजवळचं. बोटांत दाबायची. मधला कण लागेनासा झाला की गंज खाली. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मी तिच्याच तोंडून ऐकली, पण तिने स्वतः एका शितावर कधी भात उतरवला नाही. आणि तिन्ही शितं तिने एका जागची कधी घेतली नाहीत.

पुढे माझा धंदा कंपन चाचणीचा झाला. वस्तू एका टेबलाला बोल्टने आवळायची, टेबल हलवायचं आणि वस्तू तग धरते का ते पाहायचं. टेबल हलवणाऱ्या यंत्राला शेकर म्हणतात आणि त्याला हुकूम देणाऱ्या संगणकाला कंट्रोलर. कंट्रोलरच्या पडद्यावर चाचणी लावताना भरायचे पंधरा-वीस रकाने असतात: किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत, किती जोराने, किती वेळ. त्यातच एक रकाना ‘डीओएफ’चा. नव्वद टक्के लोक त्याला हात लावत नाहीत. कंपनीने १२० भरून दिलेला असतो, तो तसाच राहतो. कुणी विचारलंच तर उत्तर मिळतं, “तो राहू द्या.”

त्या रकान्यात आजीची शितंच मोजलेली असतात. किती शितं दाबली, आणि ती एकमेकांपासून खरंच वेगळी होती का, या दोन्ही गोष्टी मिळून तो आकडा बनतो.

आधी कंपन म्हणजे काय ते सांगायला हवं. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या माणसाला ते फार सांगावं लागत नाही. आलापल्लीच्या चौकातून रस्ते फुटतात. एक आष्टीकडे, एक एटापल्लीकडे, एक पेरमिली-ताडगाववरून भामरागडला, आणि एक खाली सिरोंच्याला. हा शेवटचा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी. पावसाळ्यातल्या त्याच्या अवस्थेच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येत राहिल्या. या रस्त्यांवरून एसटी जाते, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक गेले, आणि आतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत लसींचे फ्रीज, बॅटऱ्या, स्टॅबिलायझर असं सामान पिकअपच्या हौद्यात बसून जातं. पुण्या-नाशकात बनलेली वस्तू दुकानात पोचेपर्यंत फारसं काही सोसत नाही. तीच वस्तू आलापल्लीच्या पुढे गेली की तिचं खरं आयुष्य सुरू होतं. भामरागडच्या अलीकडे हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. तिथवर पोचलेल्या प्रत्येक यंत्राने आधी हा रस्ता खाल्लेला असतो.

रस्त्याचा धक्का एका सुरात येत नाही. गाडीचा सांगाडा स्प्रिंगवर सेकंदाला एक-दोनदा वरखाली होतो, त्याच वेळी चाक आणि आस दहा-पंधरा वेळा थडथडतात, पत्रा त्याहून कितीतरी जलद खुळखुळतो. हे सगळं एकात एक मिसळून येतं, आणि पुढच्या क्षणी काय येईल ते कुणालाच सांगता येत नाही. अशा कंपनाला यादृच्छिक कंपन म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही ‘रँडम’ एवढंच म्हणतो. पुढचा क्षण सांगता येत नसला तरी त्याचा स्वभाव सांगता येतो: अमुक वारंवारतेपाशी सरासरी एवढा जोर, तमुकपाशी एवढा. तो स्वभाव आलेखावर काढला की एक डोंगररांग दिसते. चाचणीचं काम म्हणजे शेकरच्या टेबलावर तीच डोंगररांग उभी करणं. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या ‘एआरएआय’सारख्या वाहनसंशोधन संस्थेत, किंवा चाकणच्या एखाद्या लहान प्रयोगशाळेत, हेच चालतं.

आता मुद्द्याचं. टेबलावर बसवलेला ॲक्सिलरोमीटर सतत सांगत असतो की टेबल कसं हलतंय. कंट्रोलर त्या नोंदीचे छोटे तुकडे पाडतो. समजा चाचणी २००० हर्ट्झपर्यंतची आहे आणि तिचे ८०० खण केलेत. सॉफ्टवेअर त्यांना लाइन्स म्हणतं, पण मला खण हा शब्द जास्त नेमका वाटतो, कारण प्रत्येकात थोडी थोडी वारंवारता भरलेली असते. प्रत्येक खण अडीच हर्ट्झचा. अडीच हर्ट्झ इतकं बारीक पाहायचं तर एक तुकडा सेकंदाच्या एक भागिले अडीच, म्हणजे ०.४ सेकंदाचा घ्यावाच लागतो. हे निसर्गाचं गणित आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरला ते चुकवता येत नाही. एका तुकड्यातून प्रत्येक खणाला दोन स्वतंत्र आकडे मिळतात, लाटेचा एक साइन भाग आणि एक कोसाइन भाग. या दोघांना एकमेकांची खबर नसते. म्हणून एक तुकडा म्हणजे दोन डीओएफ. १२० डीओएफ म्हणजे ६० तुकडे. ६० गुणिले ०.४, म्हणजे २४ सेकंद.

पडद्यावर दिसणारी रेघ म्हणजे या ६० तुकड्यांची सरासरी.

एकाच तुकड्यावर थांबलं तर काय होईल? टेबल अगदी हवं तसं हलतंय, कुठे काही चूक नाही, असं धरू. तरीही एका तुकड्याचा आलेख काढला तर ८०० खणांपैकी सव्वाचारशे खण तीन डेसिबलच्या पट्ट्याबाहेर पडलेले दिसतील. तीन डेसिबल म्हणजे खऱ्या आकड्याच्या दुप्पट किंवा निम्मा. निम्म्याहून जास्त खण दुपटीने तरी चुकलेले, आणि टेबल मात्र निर्दोष! पंधरा तुकडे, म्हणजे ३० डीओएफ घेतले की पट्ट्याबाहेरचे खण ८०० पैकी नऊ-दहा उरतात. १२० ला जवळजवळ एकही नाही. तिथे पट्टा निम्म्यावर आणून दीड डेसिबलचा केला तरी सहा-सात खणच बाहेर डोकावतात. आयईसी ६००६८-२-६४ या आंतरराष्ट्रीय मानकात किमान १२० डीओएफची अट आहे ती याच जातीच्या हिशेबातून. नियम सोपा आहे. दोनाला डीओएफने भागा, वर्गमूळ काढा, तेवढी सरासरी चूक. १२० ला सुमारे १३ टक्के. चूक निम्मी करायची तर डीओएफ चौपट करा, म्हणजे ४८०, आणि २४ सेकंदांच्या जागी ९६ सेकंद थांबा.

ही चूक टेबलाची नाही, आपल्या पाहण्याची आहे. सगळा भात नीट शिजलेला असूनही हाताला एखादं कच्चं शीत लागावं, तसं.

इथे नावाने फार घोळ होतो, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. यंत्रशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’, म्हणजेच डीओएफ, हा शब्द पहिल्यांदा वेगळ्याच अर्थाने ऐकलेला असतो. हवेत मोकळी वस्तू सहा तऱ्हांनी हलू शकते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि या तीन रेषांभोवती तीन वळणं. सिरोंच्याच्या एसटीत मागच्या बाकावर बसलं की या सहाही तऱ्हा पाठीला कळतात. त्या अर्थाने साधा शेकर एकाच तऱ्हेने हलतो. त्यामुळे नवीन मुलगा डीओएफचा रकाना पाहतो तेव्हा तिथे १ किंवा ६ भरावंसं त्याला वाटतं, आणि तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. शब्द एकच, इंग्रजी अक्षरं तीच, पण एक अर्थ वस्तूच्या हालचालीचा आणि दुसरा आपल्या माहितीचा.

हा दुसरा अर्थ संख्याशास्त्रातून आला. चार घरांनी मिळून तेंदूपत्त्याचे हजार पुडे फळीवर टाकले, असं समजा. पहिल्या तीन घरांनी आपापले आकडे सांगितले की चौथ्याला विचारायची गरज नाही, तो आकडा ठरलेलाच आहे. आकडे चार, पण स्वतंत्र तीनच. कार्ल पिअर्सनने १९०० मध्ये काय-स्क्वेअर कसोटी मांडली तेव्हा स्वतंत्र आकड्यांच्या या मोजणीत त्याची काही ठिकाणी गल्लत झाली होती. रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये ती दुरुस्त केली आणि या मोजणीला ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हटलं. कंट्रोलरमधली आकडेमोड त्याच काय-स्क्वेअरवर उभी आहे. मराठीत ‘स्वातंत्र्याच्या मात्रा’ म्हणता येईल. मला तो शब्द आवडतो, कारण त्यात मुद्दा उघडा आहे: मोजायचं ते स्वतंत्र असायला हवं.

काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत एका स्टॅबिलायझरची चाचणी चालली होती. लसींच्या फ्रीजला वीज कमी-जास्त होऊ नये म्हणून शेजारी जो डबा बसवतात, तो. आत तांब्याच्या गुंडाळीचा जड ट्रान्सफॉर्मर, बाहेर पातळ पत्रा. अशी वस्तू कंपनाला फार नाजूक असते, कारण जड भाग हलका भाग हलवत राहतो. नव्या ऑपरेटरने एकच अक्ष आहे म्हणून डीओएफमध्ये १ भरायचा प्रयत्न केला. सॉफ्टवेअरने तो घेतला नाही, म्हणून त्याने ६ भरला. सहा डीओएफ म्हणजे तीन तुकडे. टेबल सुरू झालं आणि पडद्यावरची रेघ उकळत्या पाण्यासारखी उसळायला लागली. कंट्रोलर प्रत्येक उसळीला खरी समजून उलट हुकूम सोडत होता. जिथे शीत कच्चं लागलं तिथे जाळ वाढवायचा, पक्कं लागलं तिथे ओढून घ्यायचा, असं ८०० ठिकाणी एकदम. काही सेकंदांत धोक्याची मर्यादा ओलांडली गेली आणि यंत्र आपोआप थांबलं.

“सर, शेकर बिघडला वाटतं.”

“शेकरला काही झालेलं नाही. डीओएफ किती टाकलास?”

त्याने आकडा सांगितला. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या एका अनुभवी माणसाने तो खोडून २००० केला. “आता बघ, कशी शांत रेघ येते.”

आणि आली. लोण्यावरून सुरी फिरवावी तशी रेघ. सगळ्यांना बरं वाटलं, ग्राहकाच्या माणसालाही. दोन हजार डीओएफ म्हणजे हजार तुकडे, ४०० सेकंद, सहा मिनिटं चाळीस सेकंद. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू आता गेल्या साडेसहा मिनिटांची सरासरी सांगत होता. बाराव्या-तेराव्या मिनिटाला आवाज बदलला. कंपन चाचणीत कान फार कामाचे असतात. एकसारख्या घरघरीत एक पोकळ खडखड मिसळली. मी पडद्याकडे पाहिलं, रेघ होती तशीच. जाऊन हात लावला तर स्टॅबिलायझर ज्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर बसवला होता तिचा कोपऱ्यातला बोल्ट सैल झाला होता आणि चौकट तिथे टाळी वाजवत होती. डबा ज्या वारंवारतेला घुमायचा ती जागा सरकली होती, आणि तिथे ट्रान्सफॉर्मरला कितीतरी पट जोर बसत होता. पडद्यावर त्याचं शिखर उगवायला लागलं होतं खरं, पण बारीक फुगवट्याएवढंच. मागची पाच-सहा मिनिटांची चांगली शितं त्या एका मिनिटाच्या वाईट शितांना झाकत होती. चाचणी हाताने थांबवली. डबा उघडला तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाला तडा गेलेला होता. तो तडा मूळ रचनेचा दोष की आमच्या सैल बोल्टचा, हे ठरवायला दुसरा नमुना मागवावा लागला.

त्या दिवसापासून हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगत आलो आहे. डीओएफ वाढवल्याने टेबल जास्त चांगलं हलत नाही. रेघ गुळगुळीत होते, एवढंच. कमी डीओएफचा कंट्रोलर चंचल असतो, जास्त डीओएफचा मंद. खात्री आणि चपळाई एकाच खिशातून खर्च होतात आणि त्या खिशात असतो फक्त वेळ. १२० हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. ८०० खणांच्या चाचणीत २४ सेकंद थांबणं परवडतं आणि चूकही आटोक्यात येते, म्हणून तो टिकला. पण तेच खण ३२०० केले, तर एक तुकडा १.६ सेकंदाचा होतो आणि १२० डीओएफला ९६ सेकंद लागतात. रकान्यात आकडा तोच, रेघेच्या मागचा काळ चौपट. म्हणून डीओएफ कधी एकटा वाचू नये, खणांच्या संख्येला जोडून वाचावा.

काही कंट्रोलर यावर मध्यम मार्ग काढतात. सगळ्या तुकड्यांना सारखं वजन देण्याऐवजी ताज्याला जास्त आणि जुन्याला हळूहळू कमी देतात. काही यंत्रं चाचणीचा जोर पायरी-पायरीने वाढवताना, प्रत्येक पायरीला जुनी सरासरी पुसून नव्याने मोजतात. माझ्या मते तेच बरं. कमी जोराच्या वेळची शितं पूर्ण जोराच्या भातात कशाला मिसळायची?

आजीची दुसरी सवय, वेगवेगळ्या जागची शितं घेण्याची, सॉफ्टवेअरमध्ये ‘ओव्हरलॅप’ या रकान्यात लपलेली आहे. तुकडे एकामागोमाग एक न पाडता एकमेकांवर चढवूनही पाडता येतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं गणिताने दाबून टाकलेली असतात, त्यामुळे निम्मा चढवला तर टोकांची वाया जाणारी माहिती वापरली जाते, आणि त्याच वेळात जवळजवळ दुप्पट खरे डीओएफ मिळतात. इथवर फायदा खरा. पण हाव सुटून पाऊण चढवला, नऊ-दशांश चढवला, तर तुकड्यांची संख्या फुगते आणि नवी माहिती जेमतेमच येते. गंजातल्या एकाच जागची दहा शितं दाबून ‘दहा पाहिली’ म्हणण्यासारखं ते आहे. कुठलं सॉफ्टवेअर नुसते तुकडे मोजून डीओएफ दाखवतं आणि कुठलं या दुरुस्तीनंतरचा खरा आकडा दाखवतं, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत शोधून काढायचा मी कधी आळस केला नाही. अहवालावर सही आपली असते.

किती तुकडे घ्यायचे आणि केवढे, हा प्रश्न माझ्या धंद्याच्या कितीतरी आधी धानाच्या बांधीत उभा राहिला होता. आपल्याकडे शेतात असतं ते धान आणि ताटात येतो तो भात. जिल्ह्यात धान किती पिकलं हे ठरवायला सगळं शेत मोजता येत नाही. म्हणून काही शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्यांत एक ठरावीक चौकोन आखायचा, तेवढंच कापून झोडून वजन करायचं. पीक कापणी प्रयोग तो हाच. साताऱ्याच्या बुध गावात १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. विनायक गोविंद पानसे या दोघांनी १९४० च्या दशकात ही पद्धत देशभर बसवली. शेतीसाठीच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं १९५४ चं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी वापरलं. त्या काळी एक मोठा वाद झाला होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या मते छोटे तुकडे पुष्कळ घ्यावेत. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार छोटा घेतला तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो. तुकडे कितीही वाढवा, ही चूक जात नाही. सरासरीने डळमळ जाते, वाकडेपणा जात नाही.

आमच्या धंद्यात हे जसंच्या तसं लागू पडतं. हाताशी २४ सेकंदांची नोंद आहे. तिचे ०.४ सेकंदाचे ६० तुकडे केले तर १२० डीओएफ. ०.१ सेकंदाचे २४० केले तर ४८० डीओएफ, आणि रेघ सुरेख. पण आता प्रत्येक खण दहा हर्ट्झचा झाला. स्टॅबिलायझरच्या पत्र्याचं घुमणं तीनच हर्ट्झ रुंद असेल, तर ते टोकदार शिखर दहा हर्ट्झच्या खणात पसरून बुटकं होतं. सुखात्म्यांच्या छोट्या चौकोनात उतारा फुगायचा, इथे शिखर खचतं. कारणं निराळी, पण दोन्हीकडे तुकडा गरजेपेक्षा छोटा. कुणी तुम्हाला ४८० डीओएफचा अहवाल दाखवून १२० वाल्यापेक्षा भारी म्हणत असेल, तर खण किती रुंद होता एवढं विचारा.

रस्ता मोजायला बाहेर पडलं की हेच गणित किलोमीटरमध्ये येतं. गाडीच्या सांगाड्याचं डोलणं एक-दोन हर्ट्झचं असल्यामुळे तिथे अडीच हर्ट्झचा खण कामाचा नाही, अर्ध्या हर्ट्झचा लागतो. मग एक तुकडा दोन सेकंदांचा, आणि ६० तुकड्यांना दोन मिनिटं. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल तर दोन मिनिटांत बरोबर एक किलोमीटर जाते. म्हणजे १२० डीओएफची रेघ हवी तर एक किलोमीटरभर रस्ता सारखा हवा आणि वेग सारखा हवा. आलापल्लीच्या पुढे सागवानाच्या जंगलात हे मिळवताना फार धीर धरावा लागतो. चारशे मीटर बरं डांबर, मग उखडलेली खडी, मग नाल्यावरचं ठिगळ, मग पुन्हा डांबर. हे सगळं एका सरासरीत ओतलं तर जो स्वभाव निघतो तो यातल्या कुठल्याच रस्त्याचा नसतो. कच्च्या आणि पक्क्या भाताची शितं एका मुठीत घेऊन ‘अर्धवट शिजलाय’ म्हटल्यासारखं. म्हणून मी नोंद आधी डोळ्यांनी तोडतो. डांबराचे तुकडे एका ढिगात, खडीचे दुसऱ्यात, आणि प्रत्येक ढिगात ६० तुकडे भरेपर्यंत पुन्हा पुन्हा तोच रस्ता. चालक कंटाळतो. “भाऊ, आणखी एकदा?” “आणखी एकदा.”

आणि मग खड्डे. डीओएफचं सगळं गणित असं धरून चालतं की कंपन घंटेच्या आकाराच्या वितरणाचं आहे, मोठे धक्के येतात पण ठरलेल्या प्रमाणात विरळ. गिट्टीच्या रस्त्याला हे बरंचसं लागू पडतं. हातभर खोल खड्ड्याला पडत नाही. दोन मिनिटांत असे तीन खड्डे आले तर त्यांचा धक्का ६० तुकड्यांत वाटला जाऊन रेघेत थोडासा चढ दिसतो, बस. पण ट्रान्सफॉर्मरचा पाय मोडतो तो त्या तीन धक्क्यांनी. डीओएफ ४८० करा, १००० करा, खड्डा आणखीच झाकला जाईल. त्यासाठी वेगळं मोजमाप लागतं. टोकाचे धक्के किती वारंवार येतात ते सांगणारा एक आकडा असतो, कुर्टोसिस. घंटेच्या आकाराला तो ३ असतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर वर चढतो. अलीकडचे काही कंट्रोलर तोही टेबलावर उतरवतात.

चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात तर सरासरीला जागाच नाही. उघड्या खाणीत सुरुंग उडतो तेव्हा शेजारच्या गावातल्या घराला बसणारा हादरा एकदाच येतो आणि संपतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी मर्यादा घातल्या त्या जमिनीच्या कमाल वेगावर: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झमध्ये १०, त्याच्या वर १५. कमाल वेग, सरासरी नव्हे. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोलीतही घरं हलली, तेव्हाही तसंच. काही सेकंदांची ती एकच नोंद. तिचे ६० सारखे तुकडे कुठून आणणार?

त्या स्टॅबिलायझरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसरा नमुना आला. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातले, आवळण्याचा जोर मोजून घेतला, डीओएफ १२० वर आणला, आणि धोक्याची मर्यादा फक्त सरासरीच्या रेघेवर न ठेवता ताज्या नोंदीच्या एकूण जोरावरही लावली, म्हणजे बोल्ट सैल झाला तर यंत्राने सहा मिनिटं वाट पाहू नये. ठरलेला वेळ डबा टेबलावर राहिला आणि पाय शाबूत उतरला. मग आम्ही तो तसाच पुन्हा बांधला आणि खड्ड्यांची चाचणी वेगळी घेतली: नोंदीतून उचललेले धक्के, एकेक सुटा, सरासरी न काढता. अकराव्या धक्क्याला ट्रान्सफॉर्मरचा पाय वाकला. कारखान्याने पायाचा पत्रा जाड केला, आणि पुढच्या खेपेचे डबे लाकडी खोक्यांत पेंढा भरून आलापल्लीला रवाना झाले.